बावीसशेची बाटली

"अगं, ऐकलंस का? समोरच्या बिल्डिंगमधल्या वहिनींनी २२०० रुपयांची बाटली आणलीय. एवढुशी! पेप्टाइड सीरम म्हणे. मुलाचं लग्न महिन्यावर आलंय ना."

"काकू, पण त्यात असतं तरी काय?"

"प्रथिनाचे छोटे तुकडे. कातडी ताठ राहते ती कोलॅजन नावाच्या प्रथिनामुळे. वय वाढलं की ते कमी होतं, उन्हानं तर जास्तच. ते मोडलं की तुकडे सुटतात, आणि पेशींना कळतं, मोडतोड झालीय, नवं करायला घ्या. बाटलीतले काही पेप्टाइड तसलेच, कारखान्यात केलेले. म्हणजे मोडतोडीची नुसती आवई उठवायची!"

"लबाडीच की!"

"असेना. बरं, ह्या कोलॅजनची घडण १९५४ साली मद्रासच्या रामचंद्रन आणि कर्था यांनी मांडली. तीन धाग्यांचा पीळ, आपल्या वेणीसारखा. आणि तपासलेला नमुना कशाचा होता माहितीय? कांगारूच्या शेपटीचा!"

"अगंबाई! मग सरळ कोलॅजनचंच क्रीम लावावं की."

"तो रेणू अवाढव्य, आत जातोय कुठला! वरवर ओलावा धरतो, बस्. पेप्टाइड लहान, तरी तेलकट कातडीत सहज शिरत नाही. म्हणून त्याला पाल्मिटिक आम्ल जोडतात, पाम तेलात असतं ते. लेबलवर 'पाल्मिटॉइल' दिसलं की समजायचं. २००५ साली ९३ बायकांवरची चाचणी छापून आली होती, १२ आठवड्यांची. बारीक सुरकुत्या जराशा कमी झाल्या. पण चाचणी क्रीमवाल्या कंपनीचीच हं, त्या मानानं विश्वास ठेवायचा."

"बारा आठवडे? वहिनींचं लग्नघर तर..."

"तेच तर! त्यांना कोण सांगणार? मी नाही बाई."

"मी घेऊ का? रेटिनॉलच्या क्रीमनं माझा चेहरा सोलून निघाला होता."

"पेप्टाइड सहसा तसं झोंबत नाही. तोंड धुऊन दोन-तीन थेंब, वर मॉइश्चरायझर. तांब्याचं निळसर पेप्टाइड असेल तर व्हिटॅमिन सीबरोबर नको, एक सकाळी, एक रात्री. पण आधी सांग, सुकापूरहून पनवेल स्टेशनला भर उन्हात स्कूटीवर जातेस, सनस्क्रीन लावतेस?"

"कधीमधी."

"मग ते २२०० पाण्यात. आधी सनस्क्रीन रोज लाव."

"माझी पार्लरवाली एका क्रीमची डबी देते. घरगुती आहे म्हणते. आठवड्यात उजळपणा येतो."

"लेबल आहे तिच्यावर?"

"नाही हो."

"अगं, अकोल्याचं पेपरात वाचलं नाहीस? कॉलेजातली मुलगी, तिची आई, बहीण, तिघींनी पार्लरमधून घेतलेलं गोरेपणाचं क्रीम लावलं आणि मूत्रपिंडं बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात छडा लागला, क्रीममध्ये पारा होता. पाऱ्यानं रंग दबतो, म्हणून तर झटपट फरक दिसतो. आणि तो कातडीतून आत जातो. पेप्टाइडनं फार तर पैसे जातील, ह्यानं किडनी जाईल."

"काकू, मी दोन महिने लावतेय."

"पाय सुजतात? लघवीला फेस?"

"नाही."

"तरी उद्याच लघवी तपासून घे, आणि डॉक्टरांना डबी दाखव. आता त्या पार्लरवालीचं नाव सांग. हळू बोल गं, तिची जाऊ मागे कपडे वाळत घालतेय."