फोन नातवाच्या हातात

घरबसल्या डॉक्टर देणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती कर्नाटकच्या मराठी सीमाभागात औराद, भालकी, बसवकल्याण, आळंदपर्यंत पोचल्या, याचा मला आनंद आहे. औराद तालुक्यातल्या खेड्यातून बिदरला किंवा उदगीरला दाखवायला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. शक्ती योजनेने कर्नाटकात बाईचं तिकीट वाचलं, तरी सोबत येणाऱ्या पुरुषाचं लागतंच. एवढं करून डॉक्टर पाच मिनिटांत सांगतात, आहे तीच गोळी चालू ठेवा. बीपी-शुगरच्या माणसाचं हे काम फोनवर होत असेल तर फोनवरच व्हावं.

पण त्या फोनवर बोलतं कोण, ते जरा पाहा.

भालकी तालुक्यातल्या एका घरात मी हे समोर बसून पाहिलं. स्टीलच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा केलेला. त्यावर डॉक्टर, समोर आजी आणि मध्ये नववीतला नातू. डॉक्टर कन्नडमधून विचारत होते, अडलं की हिंदीत येत होते. माणूस चांगला होता, घाई करत नव्हता. पोट दुखतं का, जेवण जातं का, झोप लागते का, हे सगळं नातवाने नीट विचारलं. मग डॉक्टरांनी लघवीचा काही त्रास, अंगावरून जाण्याची काही तक्रार आहे का, असं विचारलं. पोराचे कान लाल झाले. त्याने आजीकडे न बघताच सांगून टाकलं, "नाही म्हणते." पित्ताच्या गोळ्या लिहून आल्या. पोरगा चिठ्ठीचा फोटो घेऊन मेडिकलवर गेला, तेव्हा आजी माझ्याजवळ सरकल्या. म्हणाल्या, "माय, अंग बाहेर येतंय. दोन साल झाले. लेकराच्या म्होरं कसं बोलू?"

यात पोराचा दोष नाही, डॉक्टरांचाही नाही. पोरगा शाळेत कन्नड शिकला हे उत्तमच झालं, त्याला इथंच जगायचं आहे. बाजारात, बसमध्ये बिदरचा माणूस कन्नड, मराठी, दखनी असं मिळेल त्या भाषेत निभावून नेतो. पण ज्या बाईचं आयुष्य घर आणि शेत एवढ्यातच गेलं, तिला आपलं दुखणं मराठीतच सांगता येतं. दवाखान्यात गेली असती तर निदान एखादी नर्सबाई तिला पडद्यामागे घेऊन गेली असती. फोनवर तो पडदाही नाही. कंपनीच्या नोंदीत मात्र ही भेट 'पूर्ण झाली' अशीच जाणार.

यात कायदा आडवा येत नाही, म्हणून जास्त चीड येते. केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यांत स्पष्ट म्हटलं आहे की नोंदणीकृत डॉक्टर भारतातल्या कुठल्याही भागातल्या पेशंटला असा सल्ला देऊ शकतो. म्हणजे लातूरच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी भालकीच्या आजींशी मराठीत बोलायला कुणाचीही आडकाठी नाही. १९५६ साली आखलेली राज्याची हद्द इथं लागूच होत नाही.

मग अडतं कुठं? सरकारच्या ई-संजीवनी या टेलिमेडिसिन सेवेची ओपीडी १३ एप्रिल २०२० ला सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत ई-संजीवनीवर एकूण १० कोटी सल्ले झाले. काम मोठं आहे, फुकट आहे, मी त्याची बाजू घेईन. पण तिची रचना राज्यवार आहे. कर्नाटकचा पेशंट कर्नाटकच्या रांगेत. खाजगी कंपन्यांना तर ही अडचणही नाही, त्यांचे डॉक्टर देशभरातले. त्यांनी डॉक्टरची भाषा फी आणि ताऱ्यांच्या आधी दाखवावी, आणि बाई डॉक्टर हवी का, हेही विचारावं. त्याला नवं यंत्र लागत नाही.

महाराष्ट्र सरकारलाही सांगायचं आहे. २०२३ साली महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचा निर्णय झाला, त्यावर दोन्ही राज्यांत वादंग उठलं. ऑपरेशनला पैसे द्यायला सरकार तयार आहे, चांगलं आहे. पण आजींचं दुखणं कुणी ऐकलंच नाही तर ऑपरेशनपर्यंत त्या पोचणार कशा? त्याच ८६५ गावांसाठी फोनवर मराठी बोलणाऱ्या दहा-वीस डॉक्टर बसवा. आणि कर्नाटक सरकारने बिदर-कलबुर्गीच्या रांगेत हेच केलं, तर महाराष्ट्राची गरजही उरणार नाही. आजींना डॉक्टर कुठल्या सरकारची, याच्याशी काही देणंघेणं नाही.

अमेरिकेतही दवाखान्यात घरचं पोरगंच दुभाषा होत असे. तिथं २०१६ च्या आरोग्य नियमांनी, आणीबाणी सोडली तर, लहान मुलांना दुभाषा म्हणून वापरायला मनाई केली. पोराला आईचं दुखणं नीट सांगता येत नाही आणि आईला पोरासमोर बोलता येत नाही, हे त्यांनी कागदावर मान्य केलं. आपल्याकडच्या मार्गदर्शक तत्त्वांत घरच्या माणसाने पेशंटच्या वतीने बोलायची मुभा आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी ती हवीच. पण धडधाकट, शुद्धीवर असलेल्या बाईचं तोंड त्या मुभेने बंद होत असेल, तर ती जागा दुरुस्त करायला हवी.

तोवर घरच्यांनीच करायच्या गोष्टी आहेत. डॉक्टरचं नाव, शिक्षण आणि नोंदणी क्रमांक पेशंटला दाखवणं कंपनीवर बंधनकारक आहे, तो न दाखवणाऱ्या अ‍ॅपवर पैसे भरू नका. 'मराठी बोलणारी डॉक्टर द्या' असं प्रत्येक वेळी लिहून मागा. मागणीच दिसली नाही तर कंपनी काही देणार नाही. दुखणं हाताने तपासण्यासारखं असेल तर फोनचा हट्ट सोडा, बिदरच्या ब्रिम्स या सरकारी दवाखान्यात घेऊन जा. आणि फोन लावून झाला की तो आई-आजीच्या हातात द्या, दार ओढून घ्या आणि तुम्ही बाहेर जाऊन बसा.