सातबारा तपासता, डोमेन कधी तपासणार?

वऱ्हाडात एकरभर शेतसुद्धा सातबारा पाहिल्याशिवाय कोणी घेत नाही. फेरफार लागला का, हे पाहायला माणूस तलाठ्याकडे हेलपाटे घालतो. तोच माणूस दुकानाचं, शाळेचं, पतसंस्थेचं इंटरनेटवरचं नाव वेबसाइट बनवणाऱ्याच्या खात्यात बिनघोर सोडून देतो. हटकलं तर म्हणतो, "आपलाच पोट्टा हाय, काही होत नाई."

होतं. पोट्टा पुण्याला नोकरीला लागतो, नंबर बदलतो. डोमेनची मुदत संपत आल्याच्या सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर पडून राहतात. मग एका सकाळी अमरावतीच्या राजकमल चौकातल्या दुकानाची किंवा अकोल्याच्या डाळ मिलची वेबसाइट उघडत नाही. त्याच नावावरचा ईमेलही बंद. म्हणजे ऑर्डर गेल्या, आणि त्या ईमेलवर येणारे ओटीपीही गेले. उद्या ते नाव दुसऱ्याने घेतलं, तर तुमची पत्रं त्याच्या हाती पडू शकतात.

डोमेन आणि होस्टिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. होस्टिंग ही सर्व्हरवर भाड्याने घेतलेली जागा. ती कधीही बदलता येते. डोमेन हे नाव; त्याची नोंद रजिस्ट्रार ठेवतो, आणि होस्टिंग कंपनी बरेचदा मधली विक्रेती असते. बिल तुम्ही भरता म्हणून नाव तुमचं होत नाही. नोंदीत 'रजिस्ट्रंट' म्हणून ज्याचं नाव, त्याचं डोमेन. आणि लॉगिन ज्याच्या हाती, त्याचा ताबा.

मुदत संपून '.कॉम' नाव रद्द झालं, तर ते सोडवून घ्यायला 30 दिवस मिळतात, तेही भरभक्कम दंड भरून. त्यानंतर पाच दिवसांनी ते जगात कोणालाही घेता येतं. 1999 च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्ट 'पासपोर्ट.कॉम'चं नूतनीकरण विसरली आणि हॉटमेलच्या लोकांना लॉगिन करता येईना. शेवटी एका परक्या माणसाने खिशातले 35 डॉलर भरले. अकोल्याच्या व्यापाऱ्यासाठी असा माणूस धावून येईल, या भरवशावर धंदा करता येत नाही.

कायदा तुमच्या बाजूने आहे. 'रॅडिफ' या मिळत्याजुळत्या नावाविरुद्ध रेडिफ मुंबई उच्च न्यायालयात गेली. 1999 मध्येच न्यायालयाने सांगितलं, की डोमेन हा नुसता पत्ता नसून त्याला ट्रेडमार्कसारखं संरक्षण हवं. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सत्यम इन्फोवेच्या खटल्यात तेच मान्य केलं. पण निकाल लागेपर्यंत गिऱ्हाईक थांबत नाही.

बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने नावाचं हे महत्त्व ओळखलं. 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत सगळ्यांनी '.बँक.इन'वर जावं, असा आदेश तिने काढला; नागरी सहकारी बँकाही त्यात आल्या. पतसंस्था, शिकवणी वर्ग, जिनिंग, वरुड-मोर्शीचे संत्रा व्यापारी यांच्यासाठी असा आदेश निघालेला नाही. त्यांनी स्वतःच उठायला हवं.

म्हणून याच आठवड्यात चार प्रश्न विचारा. रजिस्ट्रार कोण? रजिस्ट्रंट म्हणून नाव कोणाचं? नोंदीतला ईमेल आणि मोबाइल कोणाचा? मुदत कधी संपते? नाव दुसऱ्याचं निघालं तर संबंध गोड असतानाच आपलं करून घ्या; भांडणानंतर कोणी फोन उचलत नाही. रजिस्ट्रारकडे स्वतःचं खातं उघडा, डोमेन अनलॉक करून घ्या, ट्रान्सफरचा ऑथ कोड मागा. '.कॉम'च्या नियमांत, कोड स्वतः काढायची सोय रजिस्ट्रारने दिलेली नसेल, तर मागितल्यापासून पाच दिवसांत तो द्यावाच लागतो. मात्र नोंदणीनंतरच्या पहिल्या 60 दिवसांत ट्रान्सफर होत नाही. नोंदीतला ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका. डोमेन बंद पडलं की तोही बंद पडेल.

वेबसाइट बनवणाऱ्यांनाही एक स्पष्ट सांगणं. गिऱ्हाइकाचं नाव स्वतःच्या खात्यात अडकवून त्याला धरून ठेवणं ही सेवा नव्हे, अडवणूक आहे. पहिल्याच दिवशी डोमेन त्याच्या नावावर करा, लॉगिन त्याच्या हाती द्या आणि कामाच्या जोरावर त्याला टिकवा.