सदोष गेमवर निर्दोष प्रेम कसे करावे

नव्या ऐतिहासिक स्ट्रॅटेजी गेमबद्दलचा उत्साह गेम हाती पडल्यावर सुरू करायचा नसतो. तेव्हा फार उशीर झालेला असतो. तयारीला निदान दीड वर्ष हाताशी असावे. 4 नोव्हेंबर 2025 रोजी आलेल्या 'युरोपा युनिव्हर्सालिस 5'च्या बाबतीत ही सोय कंपनीनेच करून दिली होती. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स इंटरॲक्टिव्हचा टिंटो नावाचा स्टुडिओ स्पेनमध्ये आहे. त्याने फेब्रुवारी 2024 पासून दर बुधवारी एकेक लेख लिहून गेमची अंतर्गत रचना उलगडायला सुरुवात केली. फक्त नाव सांगायचे नाही, 'प्रोजेक्ट सीझर' म्हणायचे, असा शिरस्ता होता. अधिकृत घोषणा व्हायला मे 2025 उजाडला. तोवर नाव ओळखले नाही असा उत्साही औषधालाही उरला नव्हता, तरी सगळ्यांनी आश्चर्य व्यवस्थित पार पाडले.

याच काळात शुक्रवारी नकाशे येत. एकेका प्रदेशाच्या सीमा, गावे, भाषा, धर्म, पिके पुढे मांडून 'चुका दाखवा' असे जाहीर आवाहन केले जाई. या टप्प्याला उत्साही माणसाने कमी लेखू नये. आपण राहतो त्या वॉर्डाची हद्द कुठे संपते हे ज्याला सांगता येत नाही, त्यानेही चौदाव्या शतकातल्या लिथुआनियाच्या सरहद्दीवर ठाम मत बनवावे आणि ते आधारांसह पाठवावे. मत स्वीकारले गेले तर गेममध्ये आपला वाटा तयार होतो, आणि स्वतःचा वाटा असलेल्या वस्तूत दोष दिसणे फार अवघड असते. मत फेटाळले गेले तर एक दोष आधीपासूनच माहीत होतो, त्यामुळे पुढे धक्का बसत नाही. दोन्ही परी फायद्याच्या.

यानंतर खरेदी. शहाणा ग्राहक दोन वर्षे थांबतो. तोवर दुरुस्त्या होतात, सवलत लागते आणि लॅपटॉपही बदललेला असतो. उत्साही माणसाने हा मार्ग टाळावा, कारण दोन वर्षांनी मिळणाऱ्या गेममध्ये तक्रार करण्यासारखे फारसे उरत नाही. पहिल्याच दिवशी घेण्याची परंपरा जुनी आहे आणि तिच्यात मराठी खेळाडूचा मान वरचा आहे. मार्च 2009 मध्ये 'एम्पायर: टोटल वॉर' आला. त्यात 1700 सालापासून मराठ्यांकडून खेळता येत होते. ही गोष्ट एवढी मोठी होती की बाकीचे पाहायला सवड झाली नाही. बाकीचे असे होते: अख्खा फ्रान्स हा एकच प्रांत असल्याने पॅरिस पडले की तिथला फ्रान्स आटोपत असे, आणि संगणकाला आपले सैन्य जहाजांतून समुद्रापार उतरवता येत नसे. ज्या गेमच्या जाहिरातीत आरमारी लढाया झळकत होत्या, त्यात इंग्रजांच्या फौजा हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागतच नव्हत्या. पुढे पॅच काढून हे दुरुस्त करण्यात आले. त्याला सुधारणा का म्हणावे, असा प्रश्न साताऱ्याहून पाहणाऱ्याला पडणे स्वाभाविक होते.

सप्टेंबर 2013 मधला 'टोटल वॉर: रोम 2' असाच अर्धाकच्चा आला. वर्षभर पॅचवर पॅच पडले आणि पुढच्या सप्टेंबरात 'एम्परर एडिशन' निघाली. पॅराडॉक्सच्या 'इंपेरेटर: रोम'ची कथा अधिक उद्बोधक आहे. एप्रिल 2019 मध्ये आलेल्या या गेमची 2021 च्या सुरुवातीस पुनर्रचना झाली, तो खेळण्याजोगा झाला, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच कंपनीने त्याचे काम थांबवले. तरीही खेळाडूंनी 'इन्व्हिक्टस' नावाचा मॉड करून तो गेम स्वतःच पुढे चालवला. उत्साहाला कंपनीची फारशी गरज नसते, हे यावरून दिसते.

यंत्रसामग्रीबाबत एवढेच की 'युरोपा युनिव्हर्सालिस 5' जड आहे. लॅपटॉपचा पंखा घरघरू लागला तर त्याला वातावरणनिर्मिती समजावे.

आता पहिला डाव. गेम 1 एप्रिल 1337 या तारखेला सुरू होतो. तारखेचा पूर्वार्ध पाहून कोणी हसू नये. साल पूर्ण विचारांती निवडलेले आहे, फ्रान्स आणि इंग्लंड यांच्या शंभर वर्षांच्या युद्धाला तिथूनच तोंड फुटते. मराठी उत्साही माणूस मात्र फ्रान्सकडे ढुंकूनही न पाहता नकाशा सरकवत दख्खनवर आणतो आणि तिथे त्याला पहिला धक्का बसतो. मराठ्यांचे राज्य नाही. हा बग नव्हे. देवगिरीच्या यादवांचा शेवट 1317 च्या सुमारास झालेला, बहमनी राज्य 1347 मध्ये व्हायचे, आणि शिवाजी महाराजांचा जन्म अजून तीनशे वर्षे दूर. या मालिकेच्या चौथ्या भागात, 1444 पासून सुरुवात असूनही, मराठ्यांचे राज्य खेळाडूला स्वतःच घडवावे लागे. ज्याला तीन शतके धीर धरवत नाही त्याने विजयनगर घ्यावे; त्याची स्थापना 1336 ची, म्हणजे रंगही वाळलेला नाही. ज्याला देवगिरी आजच्या आज हवी आहे त्याला एकच वाट उरते: दिल्ली घ्यायची, म्हणजेच महंमद बिन तुघलक व्हायचे.

मार्गदर्शनाचा सर्वांत महत्त्वाचा भाग इथे येतो. गेममध्ये प्रत्येक ठिकाणावर राजाचा ताबा किती हे मोजले जाते आणि राजधानीपासून जसजसे दूर जावे तसतसा तो घसरतो. रस्ते, नद्या, समुद्र त्याला आधार देतात, डोंगर आणि जंगले खाली ओढतात. ताबा जेवढा, तेवढाच कर हाती लागतो. तेवढीच माणसे फौजेत येतात. दिल्लीहून देवगिरी हजार-अकराशे किलोमीटरवर. खेळाडू दख्खनवर माऊस नेतो. माणसे भरपूर, कापूस-धान्य भरपूर, आणि तिजोरीत येणारी रक्कम जवळपास शून्य. तो रस्ते बांधायचा खर्च काढून पाहतो, परवडत नाही. कारभारी नेमायचा विचार करतो. ते पुरणार नाहीत. मग रात्री साडेअकराच्या सुमारास त्याला एक लख्ख युक्ती सुचते. राजधानीच दक्षिणेला हलवली तर?

शाळेत ज्याने 'वेडा महंमद' या मथळ्याखाली पाच गुणांची टीप लिहिली, जो ऑफिसच्या प्रत्येक परिपत्रकाला तुघलकी कारभार म्हणतो, तो गृहस्थ इथे कसलीही बळजबरी नसताना दौलताबादेवर बोट ठेवतो. सुलतानाने 1327 मध्ये नेमके हेच केले होते, आणि कारणही जवळपास हेच होते. दक्षिण ताब्यात राहावी म्हणून दिल्लीतली प्रतिष्ठित मंडळी देवगिरीला नेली, तिचे नाव दौलताबाद ठेवले. काही वर्षांत उत्तर हातची निसटू लागली तेव्हा सगळे परत. गेममध्येही दख्खनचा ताबा वाढतो आणि पंजाबचा ओसरतो. खेळाडू पुन्हा दिल्लीला येतो. तिजोरी रिकामी झालेली असते म्हणून तो नाणी पाडण्याची पट्टी उजवीकडे सरकवतो. महागाई भडकते. तांब्या-पितळेची नाणी चांदीच्या मोलाने चालवण्याचा सुलतानाचा प्रयोगही असाच अंगाशी आला होता: लोकांनी घरोघरी नाणी पाडली आणि शेवटी खजिन्याला ती खऱ्या चांदीच्या बदल्यात परत घ्यावी लागली. तिसरा उपाय म्हणून खेळाडू दूरचा मुलूख मांडलिकांना वाटून टाकतो. गेम स्वतःच हा सल्ला देत असतो. मांडलिक बलवान होतात, त्यांची निष्ठा घसरते, ते एकमेकांना सामील होतात. दौलताबादच्या बंडखोर अमिरांतून हसन गंगू पुढे आला आणि त्याने बहमनी राज्य काढले ते असेच.

एवढा इतिहास एका रात्रीत अंगावर घेतल्यानंतर गेममध्ये काही बिघडले आहे की आपणच राज्य बुडवले, हे खेळाडूला नक्की सांगता येत नाही. या अनिश्चिततेवरच सगळा उत्साह उभा आहे. तिला धक्का लागेल असे काही करू नये. मॅन्युअल वाचणे विशेष वर्ज्य.

मॅन्युअलऐवजी चौकटी असतात. कराच्या आकड्यावर माऊस नेला की चौकट उघडते. तिच्यातल्या रंगीत शब्दावर नेला की दुसरी, तिच्यातून तिसरी. चौथीत उत्तर असते. तिथे पोचता पोचता हात हलतो आणि चारही चौकटी एकदम मिटतात. अनुभवी खेळाडू अशा वेळी संतापत नाही. मोडी लिपीतला ताळेबंद वाचणाऱ्याच्या चिकाटीने तो पुन्हा पहिल्या आकड्यावर जातो. ज्यांना हे झेपत नाही त्यांच्यासाठी स्वयंचलनाची सोय आहे: व्यापार, कर, बांधकाम, फौज, जे नको वाटेल ते संगणकाच्या हवाली करता येते. सगळेच हवाली केल्यास राजाला फक्त बसून राहायचे उरते. बऱ्याच राजांनी हेच केले असल्यामुळे यातही इतिहासाशी प्रामाणिकपणा आहे.

दोषांकडे पाहण्याची मुख्य पद्धत यातून निघते. दोष दिसला की प्रथम त्याला ऐतिहासिक पूर्वपीठिका शोधावी. संगणकाच्या सेनापतीने ऐन थंडीत फौज डोंगरात घालून उपाशी मारली, तर ती मंद बुद्धी मानू नये. खुद्द महंमदाची हिमालयातली कराचिल मोहीम अशीच बुडाली आणि बोटांवर मोजण्याइतके लोक परतले. त्या काळात दिल्लीत काझी असलेल्या इब्न बतूताने तिची हकीकत लिहून ठेवली आहे. दोस्त राष्ट्र युद्धाला आलेच नाही? चौदाव्या शतकात कोण वेळेवर येत होते. चिमुकल्या जर्मन संस्थानाने निम्मे युरोप गिळले? प्रशियाचे उदाहरण द्यावे, शतक थोडे मागेपुढे झाले तरी चालेल. मात्र काही दोष असे असतात की त्यांना कोणताही बखरकार तारू शकत नाही: बटण दाबले जात नाही, अक्षरे एकमेकांवर चढतात, वारसाच्या जन्माच्या क्षणी गेम बंद पडतो. यांच्यासाठी 'पहिल्या आवृत्तीत असे व्हायचेच' हे वाक्य राखून ठेवलेले आहे. ते दिवसातून किती वेळा वापरावे याला मर्यादा नाही.

टीकाकार समोर आल्यास वाद घालू नये, मान डोलवावी. तक्रारींची यादी उत्साही माणसाकडेच अधिक लांब असते. ती मोठ्याने वाचून दाखवावी. टीकाकार त्याने गोंधळतो. घरच्यांनी विचारल्यास इतिहासाचा अभ्यास चालू आहे असे सांगावे. हे खोटे नाही.

खोटे नाही, कारण या गेमने एक काम खरोखर केले आहे, आणि तिथे थट्टा आवरती घ्यावी लागते. चौथ्या भागात राजाच्या खात्यावर प्रशासन, मुत्सद्देगिरी आणि लष्कर यांचे गुण जमत. ते खर्चले की प्रांत सुधारे, जणू प्रजा ही राजाच्या मूडची बाब होती. पाचव्या भागात प्रत्येक ठिकाणी माणसे आहेत: शेतकरी, मजूर, पुरोहित, व्यापारी, सरदार, गुलाम, ज्याची त्याची भाषा आणि धर्म यांसह. ती खातात, वस्तू मागतात, स्थलांतर करतात. लोखंड महाग झाले तर त्याचे कारण कुठल्यातरी बाजारपेठेत सापडते. 1340 च्या दशकात काळी महामारी येते तेव्हा नकाशाचा रंग बदलत नाही, माणसे कमी होतात. आणि मग नांगरायला कोणी नाही, कर भरायला कोणी नाही, राजाची सगळी मसलत हवेत. राज्य म्हणजे रंगवलेला नकाशा नव्हे, हे एवढ्या खटपटीने दाखवणारे खेळ फार नाहीत. अशा यंत्राच्या शंभर चाकांपैकी दहा करकरणारच, आणि ती करकर सोसणाऱ्याला वेडा म्हणणे अन्यायाचे ठरेल. वेडा महंमदालाही नंतरच्या इतिहासकारांनी बरेच समजून घेतले आहे.

शेवटचा टप्पा पॅचचा. पॅचची टिपणे लांबलचक असतात आणि उत्साही माणसाने ती पूर्ण वाचायची असतात, गेमपेक्षाही बारकाईने. त्यांत काल जो दोष आपण इतिहासाच्या आधारे समर्थिला, तो दुरुस्त झाल्याचे एका ओळीत लिहिलेले आढळते. समर्थन तत्काळ मागे घ्यावे आणि दुरुस्तीचे स्वागत करावे. पॅचमुळे जुना डाव विस्कटतो. स्टीमवर जुन्या आवृत्तीला चिकटून राहण्याची सोय असते, पण तिचा उपयोग शहाण्या ग्राहकाने करायचा. उत्साही माणूस नवा डाव मांडतो. गेम 1837 पर्यंत चालतो खरा. पण दर पॅचला 1337 पासून सुरुवात करणाऱ्यांना महामारी तोंडपाठ असते आणि पेशवाईच्या काळात संगणक काय करतो याविषयी ऐकीव माहितीवर भागवावे लागते.

मग विस्तार येऊ लागतात, ते वेगळे विकत घ्यायचे. चौथ्या भागासाठी ते 2014 पासून 2024 पर्यंत येत राहिले. एप्रिल 2021 मधला 'लेव्हायथन' हा टिंटोचा पहिला विस्तार खेळाडूंच्या अभिप्रायांत स्टीमच्या तळाशी गेला होता आणि कंपनीला माफी मागावी लागली होती. त्याच टिंटोच्या पाचव्या भागाची वाट पुढे याच मंडळींनी दर बुधवारी पाहिली. त्या हिशेबाने आताचा उत्साह 2036 पर्यंत पुरवायचा आहे. पहिल्याच महिन्यात सगळा संपवू नये.