येलदरी गेलं, सिद्धेश्वर उरलं

पुरुषाची लाज कुठे दडून बसते, ते सांगता येत नाही. रस्त्याच्या कडेला मोटारसायकल लावून, येणाऱ्या-जाणाऱ्या एसटीकडे पाठ करून उभं राहायला आम्हाला काही वाटत नाही. आमच्यापासून भिंत वाचवायची तर मालकाला सर्व धर्मांच्या देवांच्या टाइल्स डकवाव्या लागतात. पण तोच माणूस साठीनंतर खोकला आणि पायजम्यात चार थेंब सांडले, तर ते घरच्या माणसालाही सांगत नाही. आमच्यात धार चारचौघांत चालते, थेंब चालत नाहीत.

माझं ऑपरेशन संभाजीनगरला झालं. प्रोस्टेटचा कॅन्सर वेळेवर सापडला म्हणून अख्खी ग्रंथी काढून टाकली. जिंतूरला परत आलो तेव्हा गल्लीत माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार व्हायचा तेवढा बाकी होता. कॅन्सरला हरवून आला म्हणे. मीही गादीवर बसून नम्रपणे ऐकत होतो. उठत मात्र नव्हतो. उठलो की काय होतं, ते मला आणि गादीखालच्या रबरी चादरीला ठाऊक होतं.

हे का होतं, ते डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं होतं. पण जिंतूरच्या माणसाला चित्र कशाला, पूर्णा नदी आहे. वर येलदरी धरण, खाली सिद्धेश्वर धरण. येलदरी पाणी साठवतं आणि जाता जाता २२.५ मेगावॉटचं वीजघरही चालवतं. सिद्धेश्वर ते पाणी कालव्यात सोडतं. मूत्राशयाच्या वाटेवरही अशीच दोन ठिकाणी अडवणूक असते. वरची मूत्राशयाच्या तोंडाशी, प्रोस्टेटला खेटून. ती आपोआप मिटलेली असते, आपल्याला काही विचारत नाही. खालची आपल्या मर्जीतली. प्रोस्टेट काढताना वरच्या दाराचा कारभार बहुतेक आटोपतो आणि इतकी वर्षं दुय्यम राहिलेल्या खालच्या स्नायूवर एका दिवसात सगळा भार येऊन पडतो. पडून असताना तो निभावून नेतो. खोकलं, शिंकलं, बादली उचलली, खुर्चीतून उठलं की पोटाचा दाब वाढतो आणि सिद्धेश्वर हात टेकतं. एक-दोन आठवड्यांनी लघवीची नळी निघते, तेव्हा आपल्याला वाटतं सुटलो. खरा मामला तिथून सुरू होतो.

गावात या विषयाचे जाणकार पुष्कळ. निम्म्या म्हाताऱ्यांचं ‘प्रोस्टेटचं’ झालेलं असतं. आमच्या पारावरचे एक निवृत्त ग्रामसेवक म्हणाले, ‘‘त्यात काय एवढं? मी तर चौथ्या दिवशी शेतात गेलतो.’’ त्यांचं ऑपरेशन निराळं. त्यांची ग्रंथी नुसती सुजलेली होती, ती दुर्बिणीतून आतून खरवडली होती. त्यात गळती क्वचितच राहते. पण हा फरक पारावर समजावायचा तर आधी आपलं गळतं हे कबूल करावं लागतं. म्हणून मी ‘‘हो, हो’’ म्हणालो आणि शिंक आली तशी घाईने घरी गेलो.

त्यात आमच्या भागातल्या माणसाची दुसरी अडचण कपड्यांची. पांढरं धोतर, पांढरा पायजमा. पांढऱ्यावर काही लपत नाही. मी गडद तपकिरी पँटी शिवून घेतल्या. जन्मभर पांढऱ्यात वावरलेला माणूस सत्तरीला टेकल्यावर रंगीत पँट घालतो, यावर गल्लीत काय काय बोललं गेलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगतो की खऱ्या कारणापेक्षा ती बोलणी मला परवडली.

मग मेडिकलचं दुकान. पॅड मागितले तर मुलगा मोठ्यांदा म्हणाला, ‘‘काका, आजीसाठी का?’’ मी मान हलवली. त्याने पुडकं वर्तमानपत्रात गुंडाळलं, काळ्या पिशवीत घातलं, पिशवीला गाठ मारली आणि इकडे-तिकडे पाहत माझ्या हातात दिलं. घरी बायकोने ती गाठ पाहिली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. ‘‘काळी पिशवी मिळाली का? अहो, आम्ही बाराव्या वर्षापासून आणतोय ती.’’

बायकोला सांगितलं तसं ते बहिणीला कळलं, बहिणीकडून आत्याला. आमची आत्या खानदानात खाष्ट म्हणून प्रसिद्ध. लग्नात सगळे हसून लोळत असले तरी ही दगडासारखी. ती भेटायला आली, बापे माणसं बाहेर गेल्यावर जवळ सरकली आणि म्हणाली, ‘‘बाबा, माझं तिसऱ्या बाळंतपणापासून असंच हाय. हसलं की होतंय. म्हणून मी हसतच नाही.’’ चाळीस-पंचेचाळीस वर्षं आम्ही भाचरं तिच्या स्वभावाला नावं ठेवत होतो.

माझ्यावर जो इलाज चालू होता तो मुळात आत्यासाठीच निघालेला. अरनॉल्ड केगल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ मध्ये बाळंतिणींसाठी ओटीपोटाच्या तळच्या स्नायूंचा व्यायाम मांडला. पुरुषांनी तो पुढे उसना घेतला. आत्यापर्यंत मात्र तो कधी पोचलाच नाही. व्यायाम तसा सोपा. पंगतीत वांग्याची भाजी जास्त झाल्यावर चारचौघांत वारा अडवून धरताना जे आवळतो, तेच आवळायचं, थोडा वेळ धरायचं, सोडायचं. पोट आत ओढायचं नाही, श्वास रोखायचा नाही, मांड्या दाबायच्या नाहीत. उठण्याआधी, खोकण्याआधी आधीच आवळून घ्यायचं. दिवसातून थोडा थोडा, काही महिने. या व्यायामाची मोठी सोय अशी की तो कोणाला दिसत नाही. आमच्याकडे हरिनाम सप्ताह बसला तेव्हा मी मंडपात पहिल्या रांगेत बसून तो करीत होतो. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर एकाग्रता. ‘‘गुरुजी फार रंगले,’’ असं महाराज नंतर माझ्याबद्दल म्हणाले. ऑपरेशन आधी ठरलेलं असेल तर हा व्यायाम आधीपासूनच शिकून घ्यावा, तेव्हा स्नायू सापडायला सोपा जातो.

बरेच जण दुसराच मार्ग धरतात: पाणी तोडतात. धरणात पाणीच नसलं तर गळेल कुठून, असा हिशेब. तो धरणाला लागू पडतो, मूत्राशयाला नाही. पाणी कमी प्यायलं की लघवी घट्ट, गडद होते, पिशवीला चुणचुण लागते आणि ती वरचेवर घाई करते. शिवाय पोट साफ होत नाही, कुंथावं लागतं, म्हणजे पुन्हा दाब. तोडायचा तर चहा तोडावा. पण मराठवाड्यात ज्याच्या घरी जावं तिथे अर्धा कप समोर येतोच, आणि ‘नको’ म्हणणाऱ्याची तब्येत विचारली जाते. तब्येतच तर सांगायची नसते.

प्रवासाचं विचाराल तर जिंतूरला रेल्वे नाही. रेल्वेत संडास असतो म्हणून या दुखण्याच्या माणसाला ती देवासारखी. पण त्यासाठी परभणी नाहीतर सेलू गाठावं लागतं आणि तिथवर एसटीच. सरकारने २०२२ मध्ये ७५ वर्षांवरच्यांना एसटी फुकट केली. चांगलं केलं. त्या वयाला तिकिटापेक्षा जास्त काळजी गाडी मध्ये कुठे थांबणार याची असते, हे तिकीट माफ करणाऱ्याच्या ध्यानात आलं नसावं. पाहुणे आले की त्यांना जवळच्या नेमगिरीची लेणी दाखवायला मीच घेऊन जायचो. छोट्याशा दगडावर तोललेली पार्श्वनाथांची भली मोठी मूर्ती पाहायची तर वाकून आत शिरावं लागतं. वाकणं म्हणजे पोटावर दाब. ऑपरेशननंतर पहिल्या खेपेला मी पाहुण्यांना म्हणालो, ‘‘तुम्ही या पाहून, मी चपला राखतो.’’ 

माझं आता बरंच आवरलं आहे. बहुतेकांचं तीन महिने ते वर्षभरात आवरतं. काहींचं नाही आवरत, त्यांच्यासाठीही वाट आहे. मूत्रमार्गाला आधार देणारी पट्टी बसवतात. जास्त गळत असेल तर कृत्रिम झडप बसवतात. ह्यूस्टनच्या ब्रँटली स्कॉट यांनी ती १९७२ मध्ये पहिल्यांदा बसवली. मूत्रमार्गाभोवती पाण्याने भरलेली कडी आणि अंडकोशाच्या पिशवीत एक इवलासा पंप. जायचं तेव्हा तो दाबायचा. महाग आहे, पण आहे. वर्ष उलटूनही पॅड सुटत नसेल तर ‘वयच झालं’ म्हणून बसू नये, मूत्ररोगतज्ज्ञाला विचारावं.

जपानच्या राजवाड्याने सम्राट अकिहितोंना प्रोस्टेटचा कॅन्सर असल्याचं उघडपणे जाहीर केलं आणि जानेवारी २००३ मध्ये त्यांचं ऑपरेशन झालं. सम्राटाचं सांगता येतं तर गुरुजींचं का नाही? त्याच जपानात अलीकडे कित्येक नगरपालिकांनी पुरुषांच्या स्वच्छतागृहातही पॅड टाकायला झाकणाची टोपली ठेवली. ब्रिटनमध्ये प्रोस्टेट कॅन्सरवर काम करणारी संस्था याच टोपलीसाठी मोहीम चालवते. आपल्याकडे पुरुष वापरलेल्या पॅडचं पुडकं खिशात घालून घरी आणतो. लग्नसराईत, नव्या सफारीच्या खिशात.

तेव्हा तुमचं मंगल कार्यालय असेल, हॉटेल असेल, मंदिराच्या ट्रस्टवर तुमचा शब्द चालत असेल, तर पुरुषांच्या बाजूला एक झाकणाची टोपली ठेवा, आणि दाराला आतून कडी. टोपलीवर पाटी मात्र लावू नका. पाटी लावली तर आमच्यातला एकही जण तिच्याकडे फिरकणार नाही.