रस्ता ओलांडणे (कामोठे पद्धती)

रस्ता ओलांडणे म्हणजे रस्त्याच्या एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत सदेह जाणे. या कृतीला लागणारा वेळ मोजता येतो. सिग्नलच्या वेळा ठरवताना भारतीय अभियंते माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असे धरतात, म्हणजे २४ मीटर रुंदीचा रस्ता २० सेकंदांत पार व्हावा. या हिशोबात गुडघेदुखी, दोन्ही हातांतल्या भाजीच्या पिशव्या, बोट सोडून पळणारे मूल आणि दुभाजकाच्या कठड्यात अडकलेला पदर धरलेला नाही. ओलांडण्याआधी कडेला ताटकळण्यात जाणारा वेळही धरलेला नाही. तो धरला, तर सायंकाळच्या गर्दीत चालण्याचा सरासरी वेग कागदावर मांडण्यासारखा उरत नाही.

पनवेल तालुक्यातील कामोठे ही या विषयाच्या अभ्यासासाठी सोयीची जागा आहे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६०च्या दशकात नवी मुंबईची कल्पना मांडली आणि ती प्रत्यक्षात उतरवण्यासाठी १९७० साली सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झाले. शहराची वस्ती नोडांत, म्हणजे छोट्या उपनगरांत, वाटायची आणि नोड रेल्वेने जोडायचे, असा बेत होता. कामोठे हा असा एक नोड. एका अंगाला सायन-पनवेल महामार्ग, दुसऱ्या अंगाला हार्बर मार्गावरचे मानसरोवर स्थानक, आणि मध्ये पट्टीने आखलेले सेक्टर. रस्ते सरळ आणि ऐसपैस आहेत. नकाशात ते फार देखणे दिसतात. पण सरळ आणि ऐसपैस रस्ता दिसला की मोटारसायकलस्वाराच्या उजव्या मनगटाला काय होते, ते नकाशात दाखवण्याची सोय नाही.

पुढे वन बीएचके घरांमागून मोटारी आल्या. इमारतीच्या आवारात त्या मावेनात, म्हणून रस्त्याच्या दोन्ही कडांना लागल्या. उरलेल्या मधल्या पट्ट्यात शाळेच्या बस, शेअर रिक्षा, पाण्याचे टँकर, घरपोच जेवण पोचवणारे दुचाकीस्वार आणि पादचारी यांनी गुण्यागोविंदाने राहावे अशी अपेक्षा असते. पादचारी सोडून बाकीचे सगळे आपापल्या परीने राहतात.

ओलांडण्यासाठी अधिकृत साधन म्हणजे झेब्रा क्रॉसिंग. ब्रिटनमध्ये १९३४ साली वाहतूकमंत्री लेस्ली होर-बेलिशा यांनी क्रॉसिंगच्या जागी नारिंगी गोळे लावलेले खांब उभे केले. चालकांना खांब दिसले, ओलांडणारी माणसे दिसेनात. मग प्रयोग करून ३१ ऑक्टोबर १९५१ रोजी स्लाव या गावी पहिले पांढरे-काळे पट्टे अधिकृतपणे रस्त्यावर उतरले. तिथून ते कामोठ्यापर्यंत आले, पण वाटेत त्यांचा बराचसा रंग गेला. इथले पट्टे तीन अवस्थांत आढळतात: ताजे, फिके, आणि ज्यांच्या खुणांवरून पूर्वी इथे मनुष्यवस्ती असावी असा तर्क करता येतो ते.

२०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांनुसार, सिग्नल नसलेल्या क्रॉसिंगवर चालकाने वेग कमी करायचा, थांबायचे आणि पादचाऱ्याला आधी जाऊ द्यायचे असते. प्रत्यक्षात सिग्नल असलेल्या चौकात दुचाकीस्वार थांबतात ते नेमके पट्ट्यांवर. ही जागा खास त्यांच्यासाठी रंगवून ठेवली आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असावी. याउलट मांजर आडवे गेले तर तोच चालक भर रस्त्यात करकचून ब्रेक दाबतो आणि दुसरे कोणीतरी आधी पुढे जाईपर्यंत अदबीने थांबतो. मांजराला पट्टे लागत नाहीत, विनियमही लागत नाहीत. पादचारी सुरक्षेच्या शास्त्राने या बाबीकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

पट्टे निष्प्रभ ठरल्यामुळे तळहात वापरात आला. महाराष्ट्रभर चालणारी ही पद्धत कामोठ्यात विशेष विकसित झाली आहे. हात कोपरात किंचित वाकवून पुढे धरायचा, तळवा वाहनाकडे करायचा, बोटे सैल ठेवायची. उंची फार महत्त्वाची. हात शर्टाच्या खिशाच्या पातळीला असेल तर त्याचा अर्थ ‘थांब’ असा होतो. खांद्याच्या वर गेला तर शेअर रिक्षा येऊन उभी राहते आणि ‘स्टेशन का?’ असे विचारते. मग रस्ता ओलांडण्याऐवजी स्थानकात जावे लागते.

नजरेबाबत दोन घराणी आहेत. पहिल्या घराण्यात चालकाच्या डोळ्याला डोळा भिडवतात. दुसऱ्यात त्याच्याकडे मुद्दाम पाहत नाहीत, कारण आपल्याला पाहिले आहे अशी चालकाची खात्री झाली की तो वेग वाढवतो, हा अनुभव. ज्येष्ठ महिला बहुधा दुसऱ्या घराण्याच्या. ‘ओ काकू, बघून चला!’ अशी आरोळी आली, तर ‘बघायचं तू, ब्रेक तुझ्या गाडीला आहे,’ हे उत्तर चाल न मोडता देता येणे ही या घराण्यातली पक्की तयारी समजली जाते. ते उत्तर विनियमाशी तंतोतंत जुळते, हेही नोंदवले पाहिजे.

एकट्याने ओलांडण्यापेक्षा घोळक्याने ओलांडणे सुरक्षित. सायंकाळी लोकल आली की मानसरोवर स्थानकातून बाहेर पडणारा लोंढा आषाढातल्या दिंडीसारखा रस्त्यात उतरतो आणि वाहने आपोआप थांबतात. पाच मिनिटांनी मागे राहिलेल्या एकट्या प्रवाशाला मात्र तोच रस्ता वेगळा भासतो. शाळेत शिकवलेला ‘आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे’ हा क्रम इथे अपुरा पडतो. दुभाजक असलेल्या रस्त्यावर उलट दिशेने येणारा स्कूटरस्वार आणि पदपथावरून येणारा त्याचा मित्र या दोघांसाठी आणखी दोन दिशा राखून ठेवाव्या लागतात.

इथपर्यंत हसण्यासारखे आहे. वेगाचा हिशोब तसा नाही. ताशी ३० किलोमीटरने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे ८ मीटर जाते, ५०ने जाणारे सुमारे १४ मीटर. चालकाला समोरचा माणूस दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद जरी गेला, तरी दुसरे वाहन ब्रेक लागायच्या आतच तेवढे पुढे आलेले असते, जेवढ्यात पहिले जवळजवळ पूर्ण थांबते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, मोटारीची समोरून धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका ताशी ५० किलोमीटरच्या तुलनेत ६५ला साडेचार पट होतो. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. जुलै २०१९ मध्ये कामोठ्याच्या सेक्टर ६ मध्ये एका भरधाव मोटारीने रस्त्यावरची माणसे आणि वाहने उडवली. त्यात एका लहान मुलासह दोघांचा जीव गेला. हा महामार्ग नव्हता, वस्तीतला रस्ता होता.

वेगावरचा लोकमान्य उपाय गतिरोधक. अपघात झाला की रहिवासी तो मागतात, आणि कधीकधी मागण्याची वाटही न पाहता तो एका रात्रीत उगवतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक गोलाईचा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. त्यावरून ताशी २५ किलोमीटरने गेले तर सुखाने जाता येते. रात्रीत उगवलेल्या गतिरोधकाला हे मानक ठाऊक नसते. तो अरुंद आणि टोकदार असतो, त्यावर रंग नसतो, आधी पाटी नसते. त्याने गाडीइतकाच मणकाही थांबतो. मागे बसलेली व्यक्ती क्षणभर आसनापासून स्वतंत्र होते, आणि एखादी रुग्णवाहिका त्यावरून गेली तर आतल्या रुग्णाचे निदान बदलू शकते.

दुसरा प्रकार रबरी. काळ्या-पिवळ्या तुकड्यांची ही पट्टी खिळे ठोकून बसवतात. काही महिन्यांत तिचा एक तुकडा निघून जातो आणि दातपडक्या जबड्यासारखी फट उरते. इथून पुढे रस्त्यावरच्या सर्व दुचाकी त्या फटीतून जातात. वेग कमी होत नाही, नेम सुधारतो. पादचाऱ्यानेही फटीसमोर उभे राहू नये.

तिसरा प्रकार भासाचा. २०१६ साली अहमदाबादेत रस्त्यातून ठोकळे वर आल्यासारखे दिसणारे त्रिमितीय पट्टे रंगवले गेले आणि त्यांची छायाचित्रे जगभर फिरली. रोज त्याच वाटेने जाणाऱ्याला असे ठोकळे खोटे आहेत हे लवकरच कळते. शिवाय पावसाळ्यात खऱ्या खड्ड्यांतून सफाईने वाट काढणारा इथला चालक रंगवलेल्या अडथळ्याला भीक घालील, हे संभवत नाही.

पदपथाबद्दल थोडक्यात. मानकानुसार त्याची उंची १५० मिलिमीटरच्या वर नसावी आणि चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी. उंची त्याहून जास्त असली की ज्येष्ठ नागरिक त्यावर चढत नाहीत, कमी असली की मोटारी चढतात. मोकळ्या रुंदीत विजेचा डीपी, चायनीजची गाडी आणि दुकानाबाहेर मांडलेला माल असतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वापरण्याजोगा पदपथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. चायनीजच्या गाडीच्या मागून वाट काढणाऱ्याला आपण मूलभूत हक्क बजावत आहोत, याचे समाधान तेव्हापासून मिळू लागले आहे.

सुधारणा हवी असेल तर निवेदन द्यावे लागते. ते कोणाला द्यायचे, हे रस्त्यावर अवलंबून आहे. नोड सिडकोने वसवला. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका झाली आणि कामोठे तिच्यात आले. सायन-पनवेल महामार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचा. वाहतूक पोलीस नवी मुंबई आयुक्तालयाचे. घरातून निघून महामार्गापलीकडे जाणारा माणूस एका फेरीत इतक्या हद्दी ओलांडतो, की रस्ता त्या मानाने सोपा वाटावा. निवेदन देताना छायाचित्र काढतात. काम झाले की ‘आमच्या पाठपुराव्याला यश’ असा फलक लागतो. एकाच क्रॉसिंगसाठी तीन वेगवेगळ्या पाठपुराव्यांना यश येऊ शकते. फलक लावायला कोपरा लागतो, आणि वळणावरून येणारे वाहन पादचाऱ्याला जिथून दिसायला हवे तोच कोपरा त्यासाठी सर्वांत प्रशस्त असतो.

आता उपाय. जगभर जे टिकले, ते रंगावर किंवा चालकाच्या सद्बुद्धीवर फारसे अवलंबून नाहीत. ते रस्त्याचा आकार बदलतात. सद्बुद्धीला हात घालण्याचा प्रयोगही झाला: बोगोटाचे महापौर अँटानास मोकुस यांनी १९९०च्या दशकात चौकांत मूकाभिनय करणारे कलाकार उभे केले, ते पट्ट्यांवर थांबणाऱ्यांची नक्कल करून त्यांना लाजवत. कामोठ्यात असा कलाकार उभा राहिला तर त्याच्याभोवती बघ्यांची गर्दी जमेल, आणि हाही रस्ता अडवण्याचा एक मार्ग आहेच. हेलसिंकीने मात्र अर्ध्याहून अधिक रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा घातली, रस्ते त्या वेगाला साजेसे अरुंद केले, आणि जुलै २०२५ पर्यंतच्या सबंध वर्षात त्या शहरात रस्ते अपघातात एकही मृत्यू झाला नाही.

कामोठ्यासारख्या वस्तीत सर्वांत उपयोगी पडेल ते उंचावलेले क्रॉसिंग: गतिरोधकाचा माथा सपाट आणि रुंद करून त्याला पदपथाच्या पातळीला आणायचे आणि पट्टे त्यावर रंगवायचे. मग पादचारी रस्त्यात उतरत नाही, वाहनच त्याच्या पातळीवर चढून येते. पाणी तुंबू नये म्हणून कडेला गटाराची वाट ठेवावी लागते; खाडीलगतच्या या नोडात ती विसरली तर पहिल्या मुसळधार पावसात क्रॉसिंगचे धरण होते. चौकाच्या कोपऱ्याची गोलाई लहान केली की वळणारे वाहन आपसूक मंदावते आणि ओलांडायचे अंतरही कमी होते. रुंद रस्त्याच्या मधोमध दुभाजकात उभे राहण्यापुरती जागा ठेवली की २० सेकंदांची कसोटी दहा-दहाच्या दोन हप्त्यांत देता येते. क्रॉसिंगच्या अलीकडे-पलीकडे मोटार उभी करता येऊ नये म्हणून तिथे खांब रोवावेत, कारण ‘नो पार्किंग’ची पाटी मोटार शोधायला खूण म्हणून वापरली जाते. शाळांपुढे हे सगळे आधी करावे.

उरतो तो रंगाचा प्रश्न. पट्ट्यांसाठी गरम करून ओतायचा थर्मोप्लास्टिक रंग साध्या रंगापेक्षा बराच टिकतो, पण केबलवाला, गॅसवाला किंवा पाणीवाला रस्ता खोदून गेला की पट्ट्यांच्या मधोमध डांबराचा काळा चौकोन राहतो. म्हणून खोदाईच्या परवानगीतच पट्टे जसेच्या तसे रंगवून देण्याची अट घालावी आणि ते होईपर्यंत ठेकेदाराची अनामत सोडू नये.