नळ आले!

लातुरात 'पाणी आलं' असं कुणी म्हणत नाही. 'नळ आले' म्हणतात, पाहुणे आल्यासारखं. कधी येणार, किती वेळ थांबणार, काही कळवून येत नाहीत. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या 'जलदूत'ची वेळ निदान रेल्वेला तरी ठाऊक असायची. नळाची कुणालाच नसते. ही उणीव मला दिसली आणि मी नोकरी सोडून उद्योजक झालो.

ॲपचं नाव 'नळ आले'. गल्लीत पाणी सुटलं की तुमचा मोबाईल वाजणार, महिना वीस रुपये. संस्थापक मी, विक्रीप्रमुख मी, तक्रार निवारण मी, चहा आणायलाही मीच. 2013 च्या कंपनी कायद्यामुळे एकट्या माणसाला कंपनी काढता येते. मात्र संस्थापक गचकला तर ती कुणाकडे जाणार, त्याचंही नाव आधीच द्यावं लागतं. मी बायकोचं दिलं. सही करता करता ती म्हणाली, "म्हणजे हे माझ्या गळ्यात पडणार?" कंपनीच्या मूल्यांकनाबद्दल एवढं नेमकं मत मला नंतर कुणी दिलं नाही.

शुभारंभ गंजगोलाईत केला. अंबाबाईला नारळ फोडला, गोलाईतून फुटणाऱ्या सोळाही रस्त्यांवर पत्रकं वाटली. महिनाभरात ॲप घेणारे तेवीस. त्यातले नऊ सासुरवाडीचे, म्हणजे नांदेडचे. लगेच पत्रकावर छापलं, 'लातूर-नांदेडमध्ये सेवा'. इथे फसलो. विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला, यावरून 2009 मध्ये दोन्हीकडे रान उठलं होतं, ते माझ्या ध्यानातच नव्हतं. मेव्हण्याचा फोन आला, "नांदेड मागं कामून?" पत्रक फिरवून 'नांदेड-लातूर' केलं, तर कोपऱ्यावरचा पानवाला म्हणाला, "मग तिकडंच ऱ्हा की." शेवटी नुसतं 'मराठवाडा' छापलं. आता परभणीहून विचारणा होते, आमच्याकडे कधी?

बाजारपेठेचा अभ्यास मी केला होता, पण त्यात समोरच्या काकू नव्हत्या. त्यांचा नळ गल्लीत सगळ्यात खाली, उतारावर. पाणी यायच्या आधी तो फुरफुरतो, दोनदा खोकतो, मग गढूळ धार सोडतो. त्या पहिल्या फुरफुरीलाच काकू अंगणातून आरोळी ठोकतात, "नळ आलेऽऽऽ!" पुढच्या मिनिटाला अख्ख्या गल्लीतल्या मोटारी सुरू. माझा मोबाईल चार मिनिटांनी वाजतो. कारण पाणी सुटल्याची खबर ॲपला देतो मी, आणि मला देतात काकू. त्यांची आरोळी ऐकून मी उठतो, चष्मा शोधतो, बटण दाबतो.

"वीस रुपये कशाचे रे?" काकूंनी एकदा विचारलं. "मी फुकट वरडते की."

अशा वेळी मला लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवतात. त्यांचा लोखंडी नांगर 1903 चा. लोखंडानं जमीन विषारी होते म्हणून शेतकरी त्याला हात लावेनात आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. मला सहाच महिने झाले होते. शिवाय माझ्या ॲपवर विषाचा आरोप कुणी केलेला नव्हता, फक्त बॅटरी खातं एवढंच. (त्यांच्या नांगराने जमीन खरंच नांगरली जायची, हा फरक मी स्वतःला सांगत नसे.)

परवा बायको लग्नाला नांदेडला गेली होती. पहाटे साडेतीनला मेव्हण्याचा फोन, ॲप उघडत नाही. मेव्हण्याच्या घरी बोअर आहे, पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. कानाला हेडफोन लावून बसलो. मोठ्या कंपनीत हे तिघांत वाटलं असतं: एक दुरुस्ती करणार, एक मेव्हण्याला थोपवणार, एक आणखी कशावर तरी लक्ष ठेवणार. मी एकटाच. पावणेपाचला ॲप उघडलं. मेव्हणा "जमलं" म्हणाला आणि झोपला.

तोंड धुवायला नळ सोडला. फुर्र. नुसती हवा. बाहेर पाहिलं तर गल्लीभर ओल, उंबऱ्या-उंबऱ्यांशी भरलेल्या घागरी, मोटारी गुंडाळून ठेवलेल्या. दोन कळशा घेऊन काकूंच्या दारात गेलो. त्यांनी काही न बोलता ड्रमावरचं झाकण सरकवलं.

"एवढी वरडले, ऐकू नाही आलं व्हय? रात्रभर काय करूलालास?"

"नळ आले की लोकांना कळावं म्हणून खटपट चालली होती," मी म्हणालो.