दम न लागणारा किल्ला

मराठी माणूस किल्ल्याची थोरवी गुडघ्यांनी मोजतो. उतरताना पोटऱ्या भरून आल्या नाहीत, वर पिठलं-भाकरी मिळाली नाही आणि बरोबरच्या एकाने तरी अर्ध्या वाटेवर ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणत बसकण मारली नाही, तर तो किल्ला आपण हिशेबातच धरत नाही. उत्तनजवळच्या चौक गावातला धारावी किल्ला या परीक्षेत सपशेल नापास होतो. भाईंदरला महापालिकेची बस पकडली की निम्मा गड सर! बरं, नाव सांगावं तर ऐकणारा मनाने थेट मुंबईच्या धारावीत जाऊन पोचतो, आणि तिथेही एक काळा किल्ला असल्याने त्याची चूक लवकर उघडकीस येत नाही. तरीही माझं म्हणणं असं, की किल्ल्याचं मोल चढावावर नव्हे, मोक्यावर ठरावं. आणि मोक्याच्या बाबतीत धारावीने भल्याभल्या गडांना मान खाली घालायला लावावी.

नकाशा उघडा. वसईच्या खाडीच्या मुखाशी उत्तरेला वसईचा कोट, दक्षिणेला धारावी. 1534मध्ये गुजरातच्या बहादुरशाहाकडून वसई पोर्तुगीजांना मिळाली, पण समोरचा काठ दुसऱ्याच्या हाती गेला तर खाडीतून येणारी रसद अडलीच म्हणून समजा. म्हणूनच चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत या टेकडीसाठी एवढी रस्सीखेच झाली. 1739मध्ये आधी धारावी पडली, मग मे महिन्यात वसई. पुढे वसई परिसरातल्या चर्चच्या घंटा मेणवली, भीमाशंकर आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात जाऊन वाजू लागल्या. धारावीच्या वाट्याला आलं ते वसईच्या विजयकथेतलं फार तर अर्धं वाक्य, तेही घाईत उरकलेलं.

‘पण तिथे पाहण्यासारखं उरलंय काय?’ हा नेहमीचा आक्षेप. तो घेणारे लोकच फ्रान्सच्या ग्रामीण दक्षिणेत कार्कासोनचे बुरूज पाहून ‘अहाहा, मध्ययुग!’ म्हणतात. त्या बुरुजांवरची निमुळती छपरं व्हिओले-ल-द्यूक नावाच्या वास्तुविशारदाने एकोणिसाव्या शतकात चढवली, आणि ती दक्षिणेला शोभत नाहीत अशी तक्रार तेव्हापासून चालू आहे. म्हणजे धारावीत पडझड आहे ती निदान अस्सल आहे! दुसरा आक्षेप विद्वानांचा: पोर्तुगीज आले तोवर युरोपातलं मध्ययुग संपलं होतं, मग हा किल्ला मध्ययुगीन कसा? संपलं असेल, आपल्याकडे मध्ययुग पेशवाईपर्यंत चालतं, असं बीएचा अभ्यासक्रम सांगतो. आपला कुठला कार्यक्रम वेळेवर आटोपतो, म्हणून युगाने घाई करावी?

तिसरा आक्षेप मात्र नाकाला रुमाल लावून येतो: बोंबलाचा वास. उत्तनला वलांडीवर बोंबील वाळत असतात, आणि ज्याला समुद्र हवा पण कोळीवाडा नको, त्याला तिथे जड जातं. फ्रान्सने या प्रश्नाचा निकाल कायद्याने लावला आहे. गावात सुटीपुरतं घर घेतलेल्या शेजाऱ्यांनी मोरीस नावाच्या कोंबड्याच्या आरवण्याविरुद्ध खटला भरला. 2019मध्ये कोंबडा जिंकला. 2021मध्ये तर तिथल्या संसदेने खेड्यातले आवाज आणि वास हाच वारसा ठरवून टाकला. रॉकफोरच्या चीजला 1411मध्ये राजाने सनद दिली, तीही काही सुगंधासाठी नसावी. हाच न्याय लावला तर उत्तन आपोआप वारसास्थळ ठरतं. बुरूज ढासळला तरी मासेमारी चालू आहे, चर्च भरतं, चौकच्या बालेशाह पिराच्या दर्ग्यात चादर चढते. पाहणाऱ्याला दगड कमी पडतील, पण माणसं कमी पडणार नाहीत. आणि किल्ला पाहिल्याचा पुरावाच हवा असेल, तर सेल्फीच्या फंदात पडू नये. शेरभर सुके बोंबील घ्यावेत आणि भाईंदरहून लोकल पकडावी. चर्चगेटपर्यंत अख्खा डबा साक्ष देईल.